हृदय थकलेलं, पण मूळ मेंदूत: व्हेन ऑफ गॅलन विकृती असलेल्या बाळाच्या हृदयावर उपचार करताना कशाआधी काय?

नवजात बाळाला धाप लागते, दूध ओढताना ते दमतं, यकृत वाढलेलं लागतं, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसते आणि सोबत एखादं छिद्रही सापडतं. मग घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या छिद्रावर खिळतं. ‘ते कधी बंद करायचं?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि बहुतेक बाळांच्या बाबतीत तो योग्यच असतो. काही मोजक्या बाळांमध्ये मात्र हृदय थकण्याचं कारण छातीत नसतंच, ते डोक्यात असतं. अशा बाळाच्या छिद्राची घाई केली आणि डोकं तपासायचं राहिलं, तर हातातले मोलाचे दिवस निघून जातात.

हा लेख अशा बाळांच्या आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी आणि त्यांना पहिल्यांदा तपासणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. औषधांचे डोस यात दिलेले नाहीत. ते ठरवणं अतिदक्षता विभागाचं काम आहे. पण कोणता निर्णय कशासाठी घेतला जातो आणि कशाआधी काय करायचं, हे पालकांना समजलंच पाहिजे, कारण संमतिपत्रावर सही त्यांची असते.

आधी बिघाड नीट समजून घ्या

मेंदूच्या मध्यभागी, खोलवर, गर्भाच्या साधारण सहाव्या ते अकराव्या आठवड्यात काही धमन्या थेट एका शिरेला जोडल्या जातात. एरवी धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांचं बारीक जाळं असतं. तिथे रक्ताचा जोर ओसरतो आणि मेंदूला प्राणवायू मिळतो. या विकृतीत ते जाळंच नसतं. धमनीतलं जोरदार रक्त सरळ शिरेत कोसळतं आणि शीर फुग्यासारखी फुगत जाते. हिला व्हेन ऑफ गॅलन मॅलफॉर्मेशन म्हणतात. आजार दुर्मीळ आहे. हजारो जन्मांमागे एखादंच बाळ असं असतं.

सोसायटीच्या तळमजल्यावर पाण्याची मुख्य लाईन फुटली तर पंप रात्रंदिवस चालूनही वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही, आणि शेवटी पंपच जळतो. इथे हृदयाचं नेमकं हेच होतं. आजार फार तीव्र असेल तर हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा निम्म्याहून कितीतरी मोठा वाटा एकटं डोकं ओढून घेतं. मूत्रपिंडं, आतडी, यकृत उपाशी राहतात. हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीच्या क्षणी तर पोटाकडे जाणाऱ्या महाधमनीतलं रक्त उलट फिरून डोक्याकडे जातं. त्यामुळे हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त कमी पडतं.

‘पोटात असताना सगळं छान होतं, जन्मल्यावर दुसऱ्या दिवशीच असं कसं झालं?’ हा प्रश्न पालकांना सतत छळतो. कित्येक आया त्यात स्वतःचा दोष शोधत बसतात. उत्तर वारेत आहे. गर्भात असताना वार हीच रक्तासाठी सगळ्यात सोपी, कमी अडथळ्याची वाट असते, त्यामुळे डोक्यातल्या त्या जोडणीला स्पर्धा असते. जन्मानंतर नाळ कापली की ती वाट बंद होते आणि सगळा ओघ मेंदूकडे वळतो. म्हणून बाळ जन्मतः गुटगुटीत दिसतं आणि काही तासांत किंवा दिवसांत ढासळतं. यात आईच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा, कुणाच्या नजरेचा काहीही संबंध नाही.

पहिली पायरी: डोक्यावर स्टेथोस्कोप ठेवा

हृदयाच्या शंकेने आलेल्या प्रत्येक नवजात बाळाच्या टाळूवर आणि कानांच्या वर स्टेथोस्कोप ठेवून ऐकावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. या विकृतीत तिथे बऱ्याचदा सळसळता, ठोक्याबरोबर चढउतार होणारा आवाज येतो. मानेतली नाडी जोरात उडते आणि पायातली मात्र क्षीण लागते. उजव्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून दोन्ही आकडे बघायचे. ही तपासणी तशीही प्रत्येक नवजात बाळाची जन्मानंतर २४ ते ४८ तासांत व्हायला हवी. हात आणि पाय दोन्ही ठिकाणी ९५ टक्के किंवा त्याहून जास्त आणि दोन्हींमधला फरक ३ टक्क्यांपर्यंत असेल तर ठीक. कुठेही ९० टक्क्यांखाली असेल तर लगेच पुढच्या तपासण्या.

आवाज आला नाही म्हणून आजार नाही, असं मात्र समजू नये. खरी तपासणी सोपी आहे आणि बाळाच्या पेटीपाशीच होते: टाळूवरून केलेली सोनोग्राफी, कलर डॉपलरसह. टाळू उघडी असल्यामुळे मेंदू आरपार दिसतो. भूल लागत नाही, किरणोत्सर्ग नाही. मधोमध एक काळी पोकळी दिसते आणि डॉपलर लावला की तिच्यात रक्त घुसळताना दिसतं. डॉपलर लावलाच नाही तर ती साधी पाण्याची गाठ वाटू शकते, म्हणून चिठ्ठीवर ‘कलर डॉपलरसह’ असं लिहिलेलं आहे ना, ते पाहा.

इको करणाऱ्यालाही सुगावा लागतो. वरची महाशीर खूप रुंद असते, महाधमनीतून मानेकडे जाणाऱ्या फांद्या जाड असतात आणि उतरत्या महाधमनीत रक्त उलटं वाहताना दिसतं. हे तीन एकत्र दिसले तर इको थांबवून आधी डोक्याची सोनोग्राफी करावी. नाहीतर हे बाळ फुप्फुसांचा दाब वाढलेलं, महाधमनी अरुंद असलेलं किंवा फुप्फुसांच्या शिरा चुकीच्या जागी जोडलेलं म्हणून नोंदलं जातं आणि उपचाराची दिशाच बदलते.

काही बाळांत आजार सौम्य असतो आणि तो उशिरा कळतो. डोक्याचा घेर भराभर वाढतो, कपाळावर आणि पापण्यांभोवती निळ्या शिरा उठून दिसतात, मान सावरायला वेळ लागतो, कधी झटके येतात. ‘डोकं मोठं आहे, हुशार होणार’ असं कौतुकाने म्हणण्याआधी घेर मोजून लसीकरणाच्या पुस्तिकेतल्या आलेखावर टिंब द्या.

दुसरी पायरी: इकोच्या रिपोर्टमधल्या गोष्टी दोन गटांत वेगळ्या करा

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून यावर जरा थांबू.

रिपोर्टमध्ये पीएफओ आणि पीडीए ही दोन नावं जवळजवळ हमखास असतात. पीएफओ म्हणजे दोन कर्णिकांमधली जन्मजात फट आणि पीडीए म्हणजे महाधमनी व फुप्फुसधमनी जोडणारी गर्भातली नळी. प्रत्येक बाळ हे दोन दरवाजे घेऊनच जन्मतं. डोक्यातून परतणाऱ्या रक्ताच्या पुरामुळे उजवी बाजू आणि फुप्फुसं दाबाखाली राहिली की ते मिटत नाहीत. म्हणजे ते या आजाराचे परिणाम आहेत. त्यांना ‘दोष’ समजून लगेच बंद करायला निघणं चुकीचं आहे. उलट, फुप्फुसांचा दाब फार असेल तर पीडीए उजव्या हृदयाला सुटकेची वाट देतो आणि शरीराच्या खालच्या भागाला निळसर का होईना, रक्त पोचवतो. पायातला ऑक्सिजन हातापेक्षा कमी दिसतो तो यामुळेच.

दुसऱ्या गटात खरे जन्मजात दोष येतात. या विकृतीबरोबर विशेषतः दोन आढळतात. एक म्हणजे सायनस व्हेनोसस प्रकारचा एएसडी, म्हणजे दोन कर्णिकांमधलं छिद्र. हे छिद्र वरच्या महाशिरेच्या तोंडापाशी असतं आणि त्याच्यासोबत उजव्या फुप्फुसाची एखादी शीर चुकीच्या कप्प्यात उघडलेली असू शकते. ते कोपऱ्यात असल्यामुळे नेहमीच्या इकोत हुकतं. दुसरा, महाधमनीचं आकुंचन, म्हणजे कोआर्क्टेशन. गर्भातच बहुतेक रक्त डोक्याकडे वळल्यामुळे महाधमनीच्या कमानीच्या पुढच्या भागातून कमी रक्त जातं आणि तो भाग नीट वाढत नाही, असं यामागचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

कोआर्क्टेशनच्या निदानात दोन्ही बाजूंनी फसगत होते. मानेच्या फांद्या इतक्या जाड असतात की त्यांच्याशेजारी साधी महाधमनीही बारीक वाटते. उलट, पीडीए उघडा असताना खरं आकुंचन झाकलं जातं. त्यामुळे एका इकोवर निर्णय घेऊ नये. पीडीए मिटत आल्यावर पुन्हा इको करावा, चारही हातापायांचा रक्तदाब घ्यावा, आणि शंका उरली तर सीटी अँजिओग्राफी. बालहृदयरोगतज्ज्ञांना पालकांनी सरळ विचारावं: ‘यातलं काय डोक्यामुळे झालंय आणि काय मुळातच आहे?’ या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा सगळा क्रम ठरतो.

तिसरी पायरी: पहिले दिवस, एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात)

या टप्प्याचा उद्देश आजार बरा करणं हा नसतो. हृदयाला तग धरायला लावून बाळाला एम्बोलायझेशनपर्यंत, म्हणजे धमनीतून बारीक नळी नेऊन डोक्यातली ती जोडणी आतून बुजवण्यापर्यंत, सुखरूप नेणं, हाच उद्देश असतो. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, सलाईनचं मोजकं प्रमाण, हृदयाचं आकुंचन सुधारून वाहिन्या सैलावणारं मिलरिनोनसारखं औषध, गरजेप्रमाणे व्हेंटिलेटर. नुसत्या वाहिन्या आवळणाऱ्या औषधांनी शरीराकडचा अडथळा वाढतो आणि रक्त आणखीच डोक्याकडे पळतं, म्हणून ती जपून वापरतात.

प्राणवायू आणि नायट्रिक ऑक्साइड यांबाबत नातेवाईक नेहमी विचारतात, ‘जास्त का देत नाही?’ फुप्फुसांचा दाब वाढलेल्या इतर बाळांना ही दोन्ही तारक ठरतात. इथे फुप्फुसांत आधीच रक्ताचा पूर असतो. तिथल्या वाहिन्या आणखी सैलावल्या तर पूर वाढतो आणि पीडीएतून खाली जाणारं रक्त घटतं. म्हणून मॉनिटरवर आकडा १०० दिसावा असा आग्रह धरू नका. डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा किती, एवढं विचारून ठेवा. पीडीए उघडा ठेवणारं प्रोस्टाग्लॅंडिन काही बाळांना द्यावं लागतं, विशेषतः महाधमनीचं खरं आकुंचन असेल तर. काहींना त्याने अपाय होतो. तो निर्णय दर काही तासांनी इको बघून घ्यायचा असतो.

तीन बारीक गोष्टी, ज्यांनी खूप फरक पडतो. नाळेच्या धमनीत घातलेली नळी नीट चालत असेल तर एम्बोलायझेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये, कारण तीच वाट पुढे मेंदूपर्यंत जायला वापरता येते आणि बाळाच्या मांडीतली दोऱ्याएवढी धमनी वाचते. त्याच कारणासाठी मांडीच्या धमनीला रक्त काढायला टोचू नये. आणि हृदयात उजवीकडून डावीकडे रक्त जात असेल तर सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडाही चालत नाही. तो थेट मेंदूत जाऊ शकतो.

याच काळात मेंदूचा एमआरआय करतात. नवजात बाळाला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, पुष्कळदा भूल न देता तो होतो. मेंदूचा किती भाग शाबूत आहे हे त्यातून कळतं, आणि ते कळल्याशिवाय मोठे उपचार सुरू करणं बाळावर अन्याय आहे.

चौथी पायरी: आत्ता करायचं, थांबायचं, की करायचंच नाही?

फ्रान्सच्या बिसेत्र रुग्णालयात पिएर लासजोनिया यांच्या गटाने यासाठी २१ गुणांची एक पद्धत तयार केली. हृदय, मेंदू आणि श्वसन यांना प्रत्येकी ५, यकृत आणि मूत्रपिंड यांना प्रत्येकी ३ गुण. प्रकृती जितकी चांगली तितके गुण जास्त. १२ पेक्षा जास्त गुण असतील तर औषधांवर सांभाळून बाळ साधारण ५ महिन्यांचं होईपर्यंत थांबायचं, कारण तेव्हा धमन्या मोठ्या झालेल्या असतात आणि काम सुरक्षित होतं. ८ ते १२ गुण असतील तर तातडीने एम्बोलायझेशन. ८ पेक्षा कमी असतील तर शरीर आणि मेंदू इतके हतबल झालेले असतात की उपचाराने आयुष्य परत मिळण्याची आशा फार कमी. आज अनेक तज्ज्ञ केवळ बेरजेवर जात नाहीत. एमआरआय, इको आणि दर दिवसाचा कल बघतात. तरीही ‘आज गुण किती, काल किती होते?’ हे जरूर विचारा. आकडा एकवेळ तसाच राहिला तर चालेल, घसरत असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या शक्यतेबद्दलही बोललं पाहिजे. मेंदूचा मोठा भाग आधीच गेला असेल तर जोडणी बंद करून तो परत येत नाही. अशा वेळी बाळाला वेदना होऊ न देणं, आईच्या कुशीत ठेवणं, नळ्या कमी करणं हासुद्धा पूर्ण विचार करून घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो. तो घेणारे आईवडील हरलेले नसतात आणि नातेवाइकांनी त्यांना पैशावरून किंवा प्रयत्नांवरून एक शब्दही बोलू नये.

पाचवी पायरी: क्रम

आधी डोकं, मग हृदय, हा साधारण नियम. त्याला कारणं आहेत. ओपन हार्ट शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन वापरताना रक्त गोठू नये म्हणून हेपारिन भरपूर द्यावं लागतं. डोक्यात ताणलेल्या, दाबाखालच्या शिरा असताना त्यातून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. शिवाय जोडणी तशीच ठेवून छिद्र बुजवलं तर हृदयावरचा भार जिथल्या तिथे राहतो.

एएसडी, सायनस व्हेनोसस असला तरी, तान्हेपणी सहसा थांबू शकतो. डोक्याचे उपचार पूर्ण झाल्यावर, बाळ वाढल्यावर, उजव्या बाजूवर खरोखर भार उरला आहे का ते बघून शस्त्रक्रिया ठरते. या प्रकारचं छिद्र आपोआप मिटत नाही आणि नेहमीच्या छत्रीसारख्या उपकरणाने बंद करण्याजोग्या जागीही नसतं, त्यामुळे पुढे शस्त्रक्रिया लागेल हे गृहीत धरून पाठपुरावा ठेवा. पीडीए एम्बोलायझेशननंतर दाब उतरल्यावर पुष्कळदा स्वतःच मिटतो. राहिलाच तर तेव्हा बघता येतं.

कोआर्क्टेशनचं गणित वेगळं आहे. आकुंचन तीव्र असेल तर शरीराच्या वरच्या भागात दाब वाढून डोक्याकडचा ओघ आणखी वाढतो, आणि खालच्या भागाला रक्त मिळत नाही. त्यामुळे ते फार काळ रेंगाळवता येत नाही. पण दुरुस्तीच्या वेळी महाधमनीला चिमटा लावतात, त्या मिनिटांत डोक्यावरचा दाब उसळतो. म्हणून शक्य असेल तिथे आधी एम्बोलायझेशनने ओघ थोडा कमी करायचा आणि मग आकुंचन दुरुस्त करायचं, किंवा फुग्याने आकुंचन तात्पुरतं रुंद करून वेळ मिळवायचा, असे पर्याय असतात. साध्या आकुंचनाची शस्त्रक्रिया तान्ह्या बाळात बहुतेक वेळा डाव्या बरगड्यांमधून, हार्ट-लंग मशीनशिवाय होते, ही जमेची बाजू. इथे बालहृदयरोगतज्ज्ञ, हृदयशल्यचिकित्सक, न्यूरोइंटरव्हेंशन (नळीतून मेंदूच्या वाहिन्यांवर उपचार) करणारे, भूलतज्ज्ञ आणि नवजातशिशुतज्ज्ञ या पाच जणांनी एकत्र बसून एक लेखी क्रम ठरवायला हवा. पालकांनी ती बैठक मागावी. मागायला संकोचू नका.

एक गोष्ट आणखी. डोक्यात पाणी साठलंय म्हणून शंट (ते पाणी बाहेर वळवणारी नळी) घालायची सूचना आली तर ‘आधी एम्बोलायझेशन केलं तर?’ असा प्रश्न विचारा. या आजारात पाणी शिरांमधल्या दाबामुळे साठतं. ओघ कमी झाला की ते बऱ्याचदा आटोक्यात येतं, आणि आधीच शंट घातल्याने रक्तस्रावासारखे त्रास वाढू शकतात.

सहावी पायरी: एम्बोलायझेशन

पूर्ण भूल देऊन, मांडीच्या किंवा नाळेच्या धमनीतून केसासारखी बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि जोडणीच्या तोंडाशी वैद्यकीय गोंद सोडतात. काही ठिकाणी धातूच्या बारीक गुंडाळ्याही वापरतात. कवटी उघडत नाहीत. पहिल्याच वेळी सगळं बंद करायचं नसतं. नवजात बाळात हृदय सावरेल इतकाच ओघ कमी करतात, कारण एकदम सगळं बंद केलं तर मेंदूच्या शिरांमध्ये रक्त गोठू शकतं किंवा मेंदूला अचानक बदललेला दाब सोसत नाही आणि रक्तस्राव होतो. शिवाय तीन किलोच्या बाळाला एका वेळी कॉन्ट्रास्ट औषध (वाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून देतात ते) किती द्यायचं यालाही मर्यादा असते. म्हणून काही आठवडे-महिन्यांच्या अंतराने दोन, तीन किंवा अधिक बैठका लागतात. पालकांना ‘पुन्हा करावं लागलं’ म्हणजे ‘पहिलं फसलं’ असं वाटतं. तसं नसतं.

धोके स्पष्ट विचारून घ्या: मेंदूत रक्तस्राव, गोंद शिरेतून पुढे सरकून फुप्फुसात जाणं, पायाच्या धमनीत गुठळी. बाहेर आल्यावर तुम्हालाही काही गोष्टी दिसतात. ज्या पायातून नळी घातली तो दुसऱ्या पायाइतकाच गरम आणि गुलाबी आहे का? टाळू ताणलेली आहे का? लघवी होतेय का? दुसऱ्या दिवशीचा इको मागा. उतरत्या महाधमनीतलं उलटं वाहणं कमी झालं असेल तर उपचार लागू पडतोय.

पुण्यात असाल तर

ससून, रास्ता पेठेतलं केईएम, एरंडवण्यातलं दीनानाथ मंगेशकर, धनकवडीचं भारती अशा मोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांची अतिदक्षता आहे. बाळाला स्थिर करणं, निदान, इको, एमआरआय इथपर्यंतचं काम शहरात होऊ शकतं. पण नवजात बाळाच्या मेंदूतलं एम्बोलायझेशन हे मोजक्या हातांचं काम आहे. म्हणून रुग्णालयाच्या नावावर न जाता थेट विचारा: एक वर्षाखालच्या बाळांत हे तुम्ही स्वतः किती वेळा केलं आहे? बालहृदयरोगतज्ज्ञ आणि लहान बाळांचे भूलतज्ज्ञ त्याच इमारतीत आहेत का? रात्री काही झालं तर कोण येईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही.

बाळाला हलवायचं ठरलं तर मुंबईत परळला केईएम आणि वाडिया बालरुग्णालय शेजारी शेजारी आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत मेंदूच्या वाहिन्यांचे आणि लहान मुलांच्या हृदयाचे असे दोन्ही विभाग आहेत. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलून बेड पक्का केलेला असावा. ‘तिकडे जाऊन बघू’ म्हणून एक्स्प्रेस-वेवर निघू नका. खंडाळ्याच्या घाटात वाहतूक अडली तर किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. रुग्णवाहिकेत काचेची पेटी, लहान बाळाचा व्हेंटिलेटर, औषधांचे पंप, जास्तीचा ऑक्सिजन आणि नवजात बाळ सांभाळणारा डॉक्टर हवा. सरकारी १०८ सेवेलाही बाळाची अवस्था आणि व्हेंटिलेटरची गरज स्पष्ट सांगावी लागते.

सोबत काय न्यायचं? एमआरआयची सीडी, इकोच्या व्हिडिओ क्लिप, रोजच्या औषधांचा तक्ता, आईचा आणि बाळाचा रक्तगट, गरोदरपणातल्या सोनोग्राफ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर काढलेला फिल्मचा फोटो सल्ल्यापुरता ठीक आहे, उपचार ठरवायला पुरत नाही. आई बाळंतपणातून उठलेली नसेल तर बाबा पुढे जातात. तेव्हा आईने दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहायचं, म्हणजे दूध आटणार नाही.

पैशांची सोय पहिल्याच दिवशी सुरू करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. नोंदणीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जाऊन विचारा की हृदयाचं आणि मेंदूतल्या वाहिनीचं, दोन्ही उपचार कोणत्या पॅकेजात बसतात. एकाची मंजुरी मिळाली म्हणजे दुसऱ्याची मिळाली असं नसतं. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष येतात, त्यासाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नोंद लागते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता कक्षाचा अर्जही समांतर टाका. कंपनीचा ग्रुप विमा असेल तर नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरलं आहे का आणि जन्मजात अंतर्गत दोष वगळलेत का, हे एचआरकडून लेखी घ्या.

घरी आल्यावर

एम्बोलायझेशनच्या दोन बैठकांमधला काळ घरी जातो आणि तो आईच्या, आजीच्या हातात असतो. दूध थोडं थोडं, पण वेळा जास्त. पिताना कपाळावर घाम येतो, अर्ध्यात सोडून देतं, वजन आठवडाभर वाढत नाही, पापण्या किंवा पाय सुजतात, श्वास मिनिटाला ६० च्या वर जातो, तर हृदय पुन्हा थकतंय. डोक्याचा घेर आठवड्यातून एकदा, त्याच टेपने, त्याच जागी मोजून वहीत लिहा. टाळू फुगली, बाळ सारखं उलट्या करतंय, बुबुळं खालीच वळलेली राहतात, झटका आला, तर रात्र असली तरी निघा.

लघवीचं औषध चमच्याने नाही, सिरिंजने मोजून द्या. उलटी झाली म्हणून डोस स्वतःच्या मनाने पुन्हा देऊ नका, फोन करून विचारा. टाळूवर तेलाचा हलका हात फिरवायला हरकत नाही, पण टाळू भरताना दाबू नका, डोक्याला आकार द्यायला जाऊ नका. धुरी पूर्ण बंद. धाप लागणाऱ्या बाळाला धूर सोसत नाही. मधात उगाळलेली गुटी वर्षाच्या आत कोणत्याच बाळाला देऊ नये. आजीला हे समजावताना तिची माया खोटी ठरवू नका. बाळाच्या वजनाची आणि घेराची वही तिच्याकडे सोपवा, ती सगळ्यांपेक्षा काटेकोर ठेवेल.

लसी वेळेवर द्या, फक्त प्रक्रियेच्या तारखेच्या आसपास असतील तर डॉक्टरांना विचारून. श्रवणाची बेरा चाचणी, डोळ्यांची तपासणी आणि विकासाची तपासणी ठरलेल्या वेळी करा. मान, पालथं पडणं, बसणं यांत उशीर दिसला तर फिजिओथेरपीसाठी पहिल्या वाढदिवसाची वाट पाहू नका.

पुढच्या बाळाचा विचार करताना

काही कुटुंबांत या विकृतीमागे आरएएसए१ किंवा ईपीएचबी४ या जनुकांतला बदल सापडतो. आईवडिलांच्या अंगावर फिकट कडा असलेले लहान गुलाबी-लाल डाग आहेत का, ते उजेडात पाहा आणि जनुकतज्ज्ञांना दाखवा. पालकांपैकी एकात तो बदल असेल तर प्रत्येक गरोदरपणात तो बाळात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मात्र बदल उतरला म्हणजे मेंदूतली विकृती होतेच असं नाही.

ही विकृती १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही, शेवटच्या तिमाहीत दिसते. म्हणून पुढच्या गरोदरपणात ३० ते ३२ आठवड्यांना पुन्हा सोनोग्राफी, गर्भाच्या मेंदूवर कलर डॉपलर आणि गर्भाचा इको असं तिन्ही मागून घ्या. काही सापडलं तर गर्भाचा एमआरआय होतो आणि बाळंतपण कुठे करायचं ते आधीच ठरवता येतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं बाहेर काढण्याची घाई सहसा करत नाहीत, कारण लहान, कच्च्या बाळावर एम्बोलायझेशन अधिक अवघड जातं. मार्च २०२३ मध्ये बॉस्टनला डॅरेन ऑरबॅक यांच्या गटाने ३४ आठवड्यांच्या गर्भावर पोटातच हे एम्बोलायझेशन केलं. तो उपचार अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे. पुण्यातल्या जोडप्यासाठी आज त्याहून महत्त्वाचं हे, की बाळंतपणासाठी नवजात अतिदक्षता आणि बालहृदयरोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय निवडावं, एम्बोलायझेशन करणाऱ्या गटाशी आधीच बोलून ठेवावं, आणि प्रसूतीच्या खोलीत नाळेची धमनी जपायला सांगणारी चिठ्ठी आईच्या फाईलला टाचलेली असावी.